पाखाडीवरची इंदुवहिनी

इंदुवहिनी गेल्याचा निरोप आला तेव्हा सकाळचे डबे भरून ओट्यावर मांडून झाले होते. महाडच्या एमआयडीसीतल्या कामगारांना मी जेवण पुरवते. पहिल्या पाळीचा टेम्पो दारात उभा होता. आंबेनळी घाटाच्या रस्त्यावर आदल्या दिवशी दरड आली होती, तिच्या वाडीत मोबाईल लागत नव्हता, त्यामुळे निरोप घेऊन आला तो पोलादपूरचा जीपवाला. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "काकी, जाऊबाई गेल्या तुमच्या. पहाटं." मी त्याला आत बोलावून चहा दिला, डबे टेम्पोत चढवले, दुपारच्या भाजीचं बायकांना सांगितलं, मुंबईला तिच्या मुलाला, सचिनला, फोन केला आणि मग नवऱ्याला उठवलं. हा क्रम वाचून कुणाला मी कोरडी वाटेन. वाटू दे. इंदुवहिनीचा नवरा गेला त्या सकाळी तिनंही आधी गुरांना पेंढा घातला होता, हे मी पाहिलेलं आहे.

ती माझी थोरली जाऊ. माझे मिस्टर तिला वहिनी म्हणत, म्हणून मीही तेच म्हणायला लागले. लग्न होऊन पोलादपूर तालुक्यातल्या त्या वाडीत मी आले तेव्हा मला चुलीपुढे धड बसताही येत नव्हतं. महाडच्या बाजारपेठेत वाढलेली मी. पहिल्याच आठवड्यात माझी भाकरी तव्यावर फाटली. सासूबाई काही बोलायच्या आत ही म्हणाली, "फाटली तं फाटली, नीता. दोघींना अर्धी अर्धी घ्यायला बरी." सुरुवातीला मी तिला अहो-जाहो करायची. एकदा पाणी भरताना तिनं कळशी खाली ठेवली आणि म्हणाली, "अहो म्हनलंस की मला सासू मागं उभी हाय असं वाटतं. अगं म्हन." तेव्हापासून तू. पुढे आम्ही धंद्यासाठी महाडला आलो, ती तिथेच राहिली. तिचा नवरा मुंबईत एका बेकरीत कामाला होता, गणपतीला आणि शिमग्याला यायचा. असाच एकदा गणपतीच्या सुट्टीत, आम्हीही वाडीत असताना, तो गेला. मग सचिन मुंबईला लागला. त्यानं तिला न्यायचे पुष्कळ प्रयत्न केले, पण तिनं एकच कारण धरून ठेवलं होतं: "मुंबईत भिंतीपलीकडचा मानूस खोकतो नि मला जाग येते."

आमची वाडी डोंगराच्या उतारावर आहे. जीप खालच्या वडापर्यंत येते. तिथून पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, वर चढते आणि तिच्या दोन्ही अंगांना घरं आहेत. निम्म्याहून अधिक घरांना कुलूप. माणसं मुंबईत, किल्ल्या इंदुवहिनीच्या खुंटीला. प्रत्येक किल्लीला त्या घरच्या बाईच्या जुन्या साडीची चिंधी बांधलेली, त्यावरून घर ओळखायचं. कुणाचं कौल सरकलंय, कुणाच्या वाशाला वाळवी लागलीय, हे तिला त्या घरच्या माणसांच्या आधी ठाऊक असायचं. पण तिचं खरं काम शिमग्याचं. होळीनंतर ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते. वर्षातून एकदा देव आपल्या पायानं दारात येतो, घरच्या बाईनं त्याची ओटी भरायची, अशी रीत आहे. दाराला कुलूप असलं तर पालखी थांबत नाही, पुढे जाते. इंदुवहिनीला ते पाहवायचं नाही. म्हणून आदल्या दिवशी ती बंद घरं उघडायची, अंगणं सारवायची, प्रत्येक घरात दिवा लावायची, आणि पालखी पाखाडीनं चढू लागली की तिच्या पुढे पळत जाऊन एकेका दारात त्या त्या घरची बाई म्हणून उभी राहायची. गुरव दर वर्षी थट्टा करी, "आता कोन गो तू? मोऱ्यांची का सकपाळांची?" ही म्हणे, "देवाला ठावं हाय. तू नारळ फोड."

मला तेव्हा हे सगळं निष्कारण दमणूक वाटायचं. मी तसं बोलूनही दाखवत असे.

पाळी जाऊन बरीच वर्षं झाल्यावर तिला पुन्हा अंगावरून जायला लागलं. तिनं लावणी उरकली, कापणी उरकली, झोडणी उरकली आणि मग मला सांगितलं… ज्या बायका हे वाचत असतील त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की पाळी गेल्यावर परत रक्त दिसलं तर शेतातलं काम संपायची वाट बघायची नाही. महाडच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून मुंबईला पाठवलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. सचिनकडे राहून तिनं केमो घेतली, शेक घेतले. रेडिएशनला आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात. बाहेरून दिले, मग आतूनही दिले. बरी होऊन ती वाडीत परतली तेव्हा कंबरेखालची कातडी काळवंडली होती. कुणीतरी सांगितलं, सव गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यात बस, कातडीला चांगलं. आमच्या भागात खरजेपासून संधिवातापर्यंत सगळ्याला सवचं पाणी सांगतात. मला न विचारता ती जाऊन बसून आली, आणि त्या नाजूक कातडीला फोड आले. मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं, त्या आम्हा दोघींवर चिडल्या. बाहेर पडल्यावर ही म्हणते, "आतनं भाजली, भायेरनं उकडली. आता निसतं मीठ लावायचं ऱ्हायलं."

मधली दोन-तीन वर्षं चांगली गेली. तिनं नाचणी केली, सगळे शिमगे केले. मग डावा खुबा दुखू लागला, डावं पाऊल सुजायला लागलं. तिला वाटलं, चढ-उताराचं दुखणं असेल. तपासण्या झाल्या. आजार परतला होता, डाव्या बाजूला, कंबरेच्या हाडाला चिकटून.

मुंबईच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर वयानं लहान होत्या, पण बोलायला स्वच्छ. त्यांनी कागदावर कंबरेचं चित्र काढलं आणि आम्हा तिघांना, म्हणजे वहिनी, सचिन आणि मला, समजावून सांगितलं. बाहेरून पुन्हा तेवढे शेक देता येणार नाहीत, कारण वाटेत आतडी आणि मूत्राशय आहे आणि त्यांनी आपला वाटा आधीच सोसलेला आहे. ऑपरेशन करून गाठ काढता येईल. पण हाडालगत सगळं खरवडून निघेल असं सांगता येत नाही, थोडं मागे राहू शकतं. म्हणून पोट उघडं असतानाच, आतडी बाजूला धरून, त्या नेमक्या जागेवर नळी टेकवायची आणि एकदाच जोराचा शेक द्यायचा. ही सोय मोजक्या ठिकाणीच आहे, सगळ्याच रुग्णांना ती लागू पडत नाही, हिच्या बाबतीत करून बघण्यासारखी आहे. खात्री मात्र नाही. "आतडी हलवता येतात," डॉक्टर म्हणाल्या, "पण पायाकडे जाणारी नस तिथेच असते. ती हलवता येत नाही. तिला शेक लागला तर पाऊल बधिर होऊ शकतं, उचलायचं बंद होऊ शकतं. लगेच होईल असंही नाही, काही महिन्यांनी होऊ शकतं." सचिन आणि मी विचारत होतो ते आयुष्याबद्दल. किती वाढेल, परत येईल का, न केल्यास काय. वहिनीनं एकच विचारलं, "बाय, डावाच ना? उजव्याला काय नाय ना होनार?"

निर्णय सांगायला आठवडा दिला होता. मी औषधांच्या रांगेत उभी राहून परत आले तर ती बाकावर नव्हती. शोधली, तर जिन्यात. कठडा धरून, डावा पाय मुद्दाम सैल सोडून, चढत होती आणि उतरत होती. लोक वळसा घालून जात होते.

"काय चाललंय वहिनी?"

"बगते. चढताना उजवा टाकायचा नि डावा मागनं वढून आनायचा. जमतंय. उतरताना डावा आदी टेकायला लागतो, थितं पंचाईत हाय."

"मग?"

"मंग काय. उतरायचंच नाय. वर ऱ्हायचं."

मी चिडले. म्हटलं, "इथं जिवाचं चाललंय आणि तू पायऱ्या कसल्या बघतेस?" ऑपरेशननंतर तिला आमच्याकडे महाडला, तळमजल्यावरच्या खोलीत ठेवायचं मी तोवर ठरवूनही टाकलं होतं, आणि सचिननं ते तिच्या कानावर घातलं होतं. ती कठड्याला टेकली. दम लागला होता. "जीव हाय म्हनून तं पायऱ्या," ती म्हणाली. "निसता जीव घेऊन तुज्या खोलीत बसू काय, भिताडाकडं बगत?"

तिच्यासाठी पणाला काय लागलंय ते मला त्या जिन्यात कळलं. आम्ही वर्षं मागत होतो. ती पाखाडी मागत होती, आणि पाखाडी चढायला आधी जिवंत असावं लागतं, म्हणून ऑपरेशनला तयार झाली.

ऑपरेशनला अख्खा दिवस गेला. मूत्राशय वाचलं. शेक देण्याची काही मिनिटं होती, तेव्हा डॉक्टर, भूलतज्ज्ञ, नर्स, सगळे खोलीबाहेर आले होते आणि पडद्यावर तिचा श्वास बघत उभे होते; आत यंत्र आणि ती एवढंच. हे डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. ती बोलण्याइतकी शुद्धीवर आल्यावर वॉर्डात मी तिला सांगितलं.

"म्हंजी मला एकटीला आत ठेवून सगळी भायेर?"

"हो."

"दार लावून?"

"हो ना, नियमच आहे."

"आपल्या वाडीसारकंच की गो!" आणि हसायला लागली. टाके होते, हसताना कळवळली, नर्स येऊन मला रागावून गेली.

त्यानंतर ती महाडला माझ्याकडे राहिली. जखम छान भरली. काही महिन्यांनी डाव्या पावलाला मुंग्या येऊ लागल्या, मग अंगठा उचलेना, मग पाऊल पुढे लोंबायला लागलं. डॉक्टरांनी पोटरीपासून पावलापर्यंत बांधायचा आधार दिला, व्यायाम दिले. स्कॅन साफ होता. मी खोलीत कठडा बसवून घेतला, संडासात दांडा लावला, जेवणाच्या वेळा ठरवल्या. माझ्या दृष्टीनं सगळं मार्गी लागलं होतं. माघ सरत आला आणि एक दिवस मी बाजारातून आले तर ही गाठोडं बांधून दाराशी बसलेली.

"कुठे?"

"घरी. शिमगा आला."

मी बरंच बोलले. दवाखाना इथे हाकेच्या अंतरावर, वाडीत साधी डोक्याची गोळी मिळत नाही. पाय हा असा. ती ऐकून घेत होती. शेवटी मी तोडगा काढला. बंद घरांच्या सगळ्या ओट्या हिच्याच अंगणात मांडायच्या, प्रत्येक घराचं ताट वेगळं, नारळ-तांदूळ-खण मी महाडहून तयार करून आणीन, पालखी एका जागी थांबेल, कुणाची धावपळ नाही. मला ते अगदी सुटसुटीत वाटत होतं. तिनं माझ्याकडे नीट बघितलं.

"देव काय तुजा टेम्पोवाला हाय, एका जागी डबे उचलायला?"

ती गेलीच. आणि तिथे जाऊन तिनं जे केलं ते मला सुचलं नसतं. किल्ली दुसऱ्या कुणाकडे सोपवणं सोपं होतं, वाडीत धडधाकट बायका होत्या. तिनं एकीलाही किल्ली दिली नाही. वडाखाली जिथे रेंज मिळते तिथे शेजारच्या सुभद्रेच्या आधारानं जाऊन बसली आणि मुंबईला फोन लावत सुटली. मी त्या दिवशी तिची औषधं घेऊन गेले होते, म्हणून माझ्या कानांनी ऐकलं. "ऐक गो, माजा पाय गेला. किल्ली खुंटीला हाय, ती मी कुनाला द्यायची नाय. तू ये, नायतर देव पुडं जाईल. मंग मला बोलायचं नाय." समोरून काही विनवण्या झाल्या असाव्यात. "रजा नाय? मला पन पाय नाय. बग तुजं तू." फोन बंद.

त्या शिमग्याला वाडीत कित्येक वर्षांत दिसली नव्हती एवढी माणसं दिसली. गाड्या करून आली. ज्या सुनांनी आपल्या घराचा उंबरा लग्नात ओलांडला त्यानंतर कधी सारवला नव्हता, त्या पदर खोचून कामाला लागल्या. इंदुवहिनी पडवीत खुर्ची टाकून बसली होती आणि तिथून ओरडत होती. "अगो सकपाळांचे, तुमचा दिवा डाव्या कोनाड्यात! उजव्यात हात घालू नको, इंचू असतो!" ती सून किंचाळून बाहेर आली. "असतो म्हनले, हाय म्हनले काय?" असं म्हणून ही खुदखुदत बसली.

एक घर मात्र तसंच होतं, पाखाडीच्या टोकाचं. तिथली जनाआजी मरताना किल्ली इंदुवहिनीच्या हातात देऊन गेली होती. मागे पुतणे, त्यांची आपसात कोर्टबाजी. त्यामुळे घराला हात लावायला कुणी येत नव्हतं. त्यांना फोन करून उपयोग नव्हता. पालखी खालून निघाली, ताशा वाजायला लागला, आणि मी बघते तर पडवीतली खुर्ची रिकामी. मी घरात बघितलं, मागच्या दारी बघितलं, कुठे नाही. पालखीबरोबर वर वर जात शेवटच्या वळणावर आले, तेव्हा दिसली. जनाआजीच्या दारात खांब धरून उभी, घामानं चिंब, आत दिवा लागलेला, हातात ओटीचं ताट. गुरवानं नेहमीसारखं विचारलं, "आता कोन गो तू?"

"दम खाऊ दे," ती म्हणाली, "मंग सांगते."

ओटी भरून झाली आणि ती मटकन खाली बसली. उतरता येईना. पोरांनी खुर्चीला बांबू बांधून डोली केली, आजारी माणसाला जीपपर्यंत नेतात तशी. पुढे देवाची पालखी, मागे ही. सगळी वाडी हसत होती, तीही. "देवाच्या पुडं नाय, मागनं चाललेय, एवडं बरं हाय." मी हसले नाही. घरी आल्यावर तिला बसवून सांगितलं की पुन्हा ही पाखाडी चढलीस तर तुला उचलून महाडला नेईन, मग रडू नकोस. ती म्हणाली, "नाय गो जात. जीभ भायेर आली माजी आज." मी विश्वास ठेवला.

वैशाखाच्या अखेरीस खोकला सुरू झाला. स्कॅनमध्ये फुप्फुसात ठिपके दिसले. डॉक्टरांनी ज्या जागेवर शेक दिला होता ती जागा साफ होती. आजार दुसरीकडून उगवला होता. पुढे केमो घेऊन बघता येईल, फार आशा नाही, असं त्या म्हणाल्या. वहिनी नको म्हणाली. मला नंतर पुष्कळांनी विचारलं, मग एवढ्या मोठ्या ऑपरेशनचा काय उपयोग झाला? पायही गेला आणि माणूसही. मी हा हिशेब करून पाहिला आहे. खुब्यातली ती असह्य कळ गेली ती परत आली नाही. एक शिमगा मिळाला, तोही असा. दुसऱ्या एखाद्या बाईला हा सौदा नको वाटेल, आणि तिचंही बरोबरच असेल. इंदुवहिनीला मी सरळच विचारलं होतं. ती म्हणाली, "त्या पोरीनं सांगितलं तसंच झालं. खोटं काय बोलली नाय." तक्रार म्हणून नाही, पावती द्यावी तसं.

शेवटचे दिवस तिनं वाडीतच काढले. दुखण्याच्या गोळ्या, त्यांच्या वेळा, पातळ पेज, सुभद्रेची पाळी, हे सगळं मी लावून दिलं होतं. दर आठवड्याला जात होते. मग पावसानं जोर धरला, दरड आली, आणि शेवटची खेप चुकली…

तेराव्यानंतर आवराआवर करायला मी दोन दिवस राहिले. सचिनला त्यातलं काही सुचत नव्हतं. कपड्यांचे गठ्ठे केले, भांडी वेगळी काढली, गोळ्या परत करायच्या त्या पिशवीत घातल्या. दाराआड तिची सँडल होती. पाऊल लोंबायला लागल्यावर साधी चप्पल गळून पडायची, म्हणून महाडहून मीच ही मागे पट्टा असलेली घेऊन दिली होती. धड असेल तर सुभद्रेला द्यावी म्हणून उचलली. उजवी जवळजवळ नवी होती. डावीचं पुढचं टोक मात्र नाहीसं झालेलं, रबर घासून घासून आतलं कापड बाहेर आलेलं. दगडाच्या पायरीवर पाऊल ओढत नेलं की जसं घासेल तसं. टाच शाबूत. एकदा चढून एवढं झिजत नाही.

सुभद्रा भांडी घासत होती. तिला दाखवली. तिनं आधी माझ्याकडे बघितलं नाही.

"जात होती की," ती म्हणाली. "शिमग्यानंतर दर अवसेला. पाऊस लागेस्तवर. जनाआजीच्या घरात दिवा लावायला."

"खोकला असताना?"

"हां. बसत, खोकत."

"आणि उतरायची कशी?"

"बसून. एकेक पायरी बसून, सरकत. आमी हात द्यायला गेलो तं अंगावर यायची."

"मला कुणी का नाही सांगितलं?"

"दम दिलेला ना आमाला. नीताला कळलं तं ती मला महाडला नेऊन ठेवंल, म्हनायची. तुमी नेलंच असतं ना वहिनी?"

मी नेलं असतं. कठडा लावलेली ती खोली अजून तशीच आहे. सँडल कुठल्याच गठ्ठ्यात बसेना, तेव्हा मी ती पिशवीत घालून महाडला आणली. माती काढून धुतली, वाळवली. आमचा चांभार नवं टोक बसवून देतो म्हणत होता, त्याला नको म्हटलं. डब्यांच्या मांडणीखाली ठेवली आहे. सकाळी खालच्या फळीवरचे डबे घ्यायला वाकले की दिसते. मग मी डबे भरते.